स्टॉकहोमले लेक आणाले

मु. खापरखेडा, जि. नागपूर

चि. प्रीतीले बाबाचा सप्रेम जयभीम.

तू बरी असशील, जावईबापू बरे असतील, आणि तिकडची थंडी आपल्या मर्यादेत असेल, असं धरून चालतो. आम्ही दोघं ठीक. आईचा गुडघा बोलतो, पण आई त्याच्याहून जास्त बोलते, त्यामुळे गुडघ्याचं कोणी ऐकत नाही. पत्राचं कारण असं की मागच्या रविवारी फोनवर मी तुले विचारलं, दसऱ्याले येतं काय, पहिल्यासारखं तिघं मिळून दीक्षाभूमीवर जाऊ. तू हसून म्हणाली, बाबा, तुम्ही आणाले या, मग येते. फोन ठेवला आणि मी तयारीलेच लागलो. आपल्याकडे लेक सासरी गेली की पहिल्या सणाले माहेरचं माणूस आणाले जातं. तुझ्या लग्नानंतर कोणी गेलंच नाही, मग तू येशील कशी, हे मले इतकी वर्षं सुचलं नाही. (मी समजत होतो तिकडे सुट्टी भेटत नाही.)

आता जायचं कशाने, यावर काही एकमत होईना. पहिले ओमप्रकाशले विचारलं (प्लँटमध्ये बॉयलरवर माझ्यासोबत होता तो, तुझ्या लग्नात दोन पंगतींत जेवला तो). तो म्हणे, फिनलंडपर्यंत विमानाने जा आणि तिथून जहाज धर. त्याने मोबाइलवर पाहिलं, जहाजात खोली असते, जेवण असतं, नाचगाणं असतं. मी म्हटलं, बाप्पा, मी लेकीले आणाले जाऊन राहिलो, वरातीत नाही. शिवाय धरणावर मले नावेत बसवलं होतं तेव्हा काय झालं, ते आईले विचार. (विचारू नको. ती न विचारताच सांगत असते.)

मले स्वतःले आगगाडी पटली. डेन्मार्कपर्यंत विमान, मग समुद्रावरच्या पुलावरून गाडी, आणि पुढे खिडकीपाशी बसून स्वीडन पाहत जायचं. माझी पोरगी कोणत्या मुलखात राहते, तिकडे शेतात काय पेरतात, फाटकापाशी माणसं उभी राहून गाडी पाहतात की नाही, हे विमानातून काय दिसणार? व्हिडिओवर तू दिसते, पण तुझ्या मागे नेहमी तीच पांढरी भिंत. त्या भिंतीच्या पलीकडे रस्ता कसा आहे, एखादं झाड आहे का, भाजीवाला येतो का, मले काहीच माहीत नाही. तुझी लय आठवण येते, प्रीती, आणि आठवण आली की तुझ्याआधी ती भिंतच डोळ्यासमोर येते.

शेवटी रामदासपेठेत बंटीच्या तिकिटाच्या ऑफिसात गेलो. सांगितलं, जाताना एक सीट, येताना दोन, जवळजवळ, खिडकी लेकीले. बंटीने आखातावरून जाणारं विमान दाखवलं, म्हणे काका, तुमच्या वयाले हेच सोयीचं. मी विचारलं, येताना त्यात लेकीचं सामान मावेल का? तो म्हणे, मी तुमच्या जाण्याचं बोलून राहिलो. म्हटलं, मी येण्याचं बोलून राहिलो. जाताना बाप एकटा असतो, तो कसाही जाईल, रस्ता लेकीच्या सोयीने पाहावा लागतो. मग त्याने व्हिसाचा अर्ज घेतला आणि प्रवासाचं कारण विचारलं. मी सांगितलं, लेकीले आणाले. त्याने लिहिलं, पर्यटन. मी खोडाले लावलं. तो म्हणाला, काका, असं लिहिलं तर वकिलातीवाले समजतील की तिकडे काही भानगड झाली. आता तिकडे कसली भानगड? (भानगड इकडे आहे. दोन माणसांचं घर लय मोठं झालं आहे.)

तुझे आजोबा धोंडबा असे अर्ज भरत बसले नव्हते. सावनेरहून सायकलवर आले होते, तुझ्या आईले, म्हणजे त्यांच्या मायाले, पहिल्या सणाले न्याले. माझी ड्यूटी होती, जेवणाची पंचाईत होती, आणि नाही म्हणायचं हे मी पक्कं करून बसलो होतो. सासरेबुवा दारातच बसले. पाणी दिलं तर म्हणाले, मायाची पिशवी भरू द्या, मग पितो. आणि ऊन म्हणजे नागपूरचं. मी थोडा वेळ ड्यूटीचं सांगून पाहिलं, मग मीच पिशवी शोधून दिली. सायकलवर मागे बसून ती गेली, आणि मी भातात पाणी किती टाकायचं ते शेजारी विचाराले गेलो.

तुझी आई या सगळ्यात मदत करत नाही. तिखट बांध, ज्वारीचे पापड बांध म्हटलं, तर म्हणते, लेक इकडेच येऊन राहिली तर तिकडे काहून न्यायचं? इथे खाईल. दुसऱ्या दिवशी पाहतो तर डबे भरून, झाकणाले चिकटपट्टी लावून तयार. तिचा तुझ्या येण्यावर भरोसा कमी दिसतो. माझा आहे.

जावईबापूंना जयभीम. थंडीत कानाले बांधत जा.

तुझा,
बाबा (धम्मानंद)

ता. क. : जहाज धरा, गाडी धरा, नाहीतर विमान, बंटी म्हणतो तुझं आमंत्रणाचं पत्र आल्याशिवाय व्हिसा नाही. लेकीले आणाले जाणाऱ्या बापाले आमंत्रण लागतं, हे पहिल्यांदाच ऐकलं. तरी तेवढं पाठव.

आणखी एक ता. क. : तू गंमत केली होती, हे मले माहीत आहे. फोनवर मी पण हसलो होतो. पण यायचं नसेल तर आता कळवू नको वं. मी येतो, तुझ्या दारात बसतो, तेव्हा सांग. पाणी मी तुझी पिशवी भरल्यावर पिईन.