डाव्या बटणातली पाचर

उस्ताद, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग गेलेला नाही. आता निमित्त झालं माझ्या मुलीचं. ती मेंदूचा अभ्यास करते. परवा सकाळी मेथी निवडता निवडता सांगत होती, की मेंदूत खोल आत एक फार जुना भाग असतो. एकच काम आपण पुन्हा पुन्हा केलं की ते हळूहळू त्याच्याकडं जातं आणि मग विचार न करताही हात चालतो. हा भाग माशांतही आहे, अगदी जबडा नसलेल्या माशांतसुद्धा. पुढं माणूस झाला, वरचा मेंदू वाढला, पण खालची ती जोडणी मोडली नाही. कसब तिथंच मुरतं आणि वाईट खोडही तिथंच, कारण त्या भागाला चांगलं-वाईट कळत नाही. मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, माझ्या उस्तादाला हे शाळेत न जाता ठाऊक होतं.

वाळूजच्या त्या शेडमध्ये पत्रा दाबून आकार देणाऱ्या पॉवर प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच प्रेस खाली यायचा, म्हणजे एकही हात आत राहायला नको. तुम्ही भंगारातल्या पत्र्याची पाचर केलीत आणि डाव्या बटणात ठोकलीत. ते कायमचं दाबलेलं राहिलं. आता उजव्या हातानं बटण दाबायचं आणि डाव्यानं पत्रा सारायचा, काम दुप्पट. मी बिचकलो की तुमच्या हातमोज्याचा फटका माझ्या मनगटावर बसायचा. "डोकं मधी आणू नगं," तुम्ही म्हणायचात, "हाताला शिकव. हात इसरत नाय." दोन महिन्यांत मी शेजारच्याशी गप्पा मारत प्रेस चालवायला लागलो. जेवणाच्या सुट्टीत तुमच्या डब्यातली अर्धी भाकरी माझी असायची. मला गुरू भेटला, असं मी घरी सांगत होतो, उस्ताद.

दुपारची पाळी आहे. पत्रा जरा तिरका बसलाय. डावा हात तो सरळ करायला आत जातो आणि उजवा आपल्या नेहमीच्या वेळेला बटण दाबतो. दोघंही शिकवल्याप्रमाणेच वागतात. मी खाली बसलोय, सगळे माझ्याकडं धावतात. तुम्ही मशीनकडं धावता. पाचर उपसून शर्टाच्या खिशात टाकताना तुम्ही मला दिसता.

आठवड्यानं साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. माझा हात गळ्यात बांधलेला. मी पाचरीचं सांगितलं. साहेबांनी तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "आपल्याकडं तसलं कायी नसतं साहेब. यालाच इचारा, डोकं कुठं होतं याचं." दोन बोटं गेल्यावर मी रडलो नव्हतो. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये तोंडाला रुमाल लावून रडलो. तुम्ही दोन सीट पुढं बसला होतात.

मुलीला परवा पहिल्यांदाच हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, घाबरलेल्या माणसाचा हातही आपोआप चालतो, बाबा. असेल. पाचर काढली ती तुमच्या हातानं, असं धरून तेवढं मी सोडून देतो. पण मधे आठवडा गेला होता. तुम्ही जेवलात, झोपलात, रोज त्याच बसनं आलात आणि मग ते वाक्य बोललात. माशाला खोटं बोलता येत नाही, उस्ताद. ते काम वरच्या मेंदूचं. तुमच्या घरात लग्न होतं, नोकरीची भीती होती, असं नंतर लोक सांगायचे. मान्य. पण एकदा हर्सूलला तुमच्या घरी बोलावून, दार लावून, नुसतं म्हणायचं होतं, "व्हय, म्याच शिकवलं." मी साहेबांकडं परत गेलो नसतो. तेवढ्या एका शब्दासाठी मी तुमच्या मयतीपर्यंत थांबलो आणि मयतीला आलो नाही.

हे लिहून तुमच्या घरी नेऊन द्यायचं मनात होतं. देणार नाही. कारण केबिनमध्ये मीही एक गोष्ट सांगितली नव्हती. माझ्या शेजारच्या प्रेसवर दौलताबादकडचा एक माणूस नवा आला होता, माझ्यापेक्षा वयानं मोठा, हातानं सावकाश. त्याला रोज बोलणी खावी लागायची म्हणून त्याच्या बटणासाठी पाचर मीच करून दिली होती. साहेब दिसले की तो काढायचा, गेले की परत ठोकायचा. दवाखान्यातून आल्यावर मला स्टोअरला बसवलं. तिथून मला तो दिसायचा. ती फेकून दे, एवढं मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर त्याला कुणी शिकवलं ते निघालं असतं.