नुसती भाकरी

मस्तगड, जालना
दि. १६ जून २०२४

ती. आत्यास,
मीनाचा शि. सा. न. वि. वि.

पप्पू काल मोंढ्यात बियाणं घ्यायला आला होता, त्याच्याकडून तुझी खुशाली कळली. कान आणखी उतरलेत म्हणे. फोनवर मी बोलते, तू नुसती हो हो करतेस, आणि फोन ठेवला की पप्पूलाच विचारतेस, पोरगी काय म्हणून राह्यली व्हती. म्हणून आता पत्रच. लहानपणी तू मला जबरदस्तीने बसवून मामाला पत्रं लिहायला लावायचीस, ती सवय कामाला आली बघ. इकडे सगळे बरे आहेत. नळाला आठवड्याने पाणी येतं, सासूबाईंचे गुडघे दुखतात, आणि यांची बियाण्याच्या गोदामातली पाळी बदलली आहे.

तू रागावली आहेस हे मला माहीत आहे. मे महिन्यात आम्ही धावड्याला आलो तेव्हा तू हर्षूसाठी दुधात भाकरी कुस्करलीस, वर साखर घातलीस, आणि वाटी बघून त्याने जो हंबरडा फोडला तो वेशीपर्यंत गेला असेल. माझ्या हाताला काय काटे हायेत का, असं तू म्हणालीस ते अजून माझ्या कानात आहे. आत्या, दोष तुझ्या हाताचा नव्हता, कालवण्याचा होता. साडेचार वर्षांचं पोर, पण त्याच्या ताटात एकाने दुसऱ्याला शिवलेलं चालत नाही. भाकरी नुसती, कोरडी. दूध वेगळ्या पेल्यात. मोसंबीच्या फोडी भाकरीपासून लांब.

तो भाकरी कशी खातो ते तू नीट पाहिलंस का? आधी वरचा पापुद्रा अलगद सोडवतो, तो खातो, मग खालचा भाग. भाकरीचेसुद्धा त्याला दोन भाग वेगळे लागतात. पूर्वी मला याचं हसू यायचं. गेल्या वर्षीपर्यंत पांढरा भातही खायचा. सासूबाईंनी एकदा त्याचा डोळा चुकवून भातात चमचाभर वरण मिसळलं, तेव्हापासून भात बंद. केळं असंच कशाने तरी गेलं. आता उरलंय ते भाकरी, दूध आणि मोसंबी. यातली भाकरी गेली तर मी या लेकराला जगवू कशावर, हाच घोर मला लागून राहिलाय.

मुलांच्या डॉक्टरीणबाई म्हणतात की हे लाड नाहीत, काही मुलं अशी असतात. जे खातो ते द्या, दुसरं काही वेगळ्या वाटीत शेजारी ठेवा, आग्रह करू नका, आणि काहीही झालं तरी फसवू नका. सासूबाईंचं म्हणणं, मायनंच बिघडवलं, दोन दिस उपाशी ठेवा, बराबर खाईल. हे आम्हा दोघींच्या मध्ये बसतात आणि गुपचूप जेवतात.

राग उतरला असेल तर लोभ पहिल्यासारखा राहू दे.
तुझी,
मीना


धावडा, ता. भोकरदन
दि. २७ जून २०२४

चि. सौ. मीनास,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

रागाचं म्हणशील तर तो त्याच दिवशी गेला, फक्त तुला कळू दिलं नाही. आत्याला थोडा मानपान नको का? पेरण्या उरकल्या. पप्पूने यंदा कपाशी कमी करून सोयाबीन वाढवलं. मी सांगितलेलं त्याला ऐकू येत नाही, आणि बहिरी म्हणे मी.

तुझ्या डॉक्टरीणबाईंनी किती लेकरं वाढवली ते एकदा विचार. मला पोटचं एकही नाही, पण वहिनी गेल्यावर तुला नि पप्पूला मी काल्यावरच मोठं केलं. तू तर भाकरी, वरण, दही सगळं एक करून दे म्हणून पाय आपटायचीस. घास कालवताना लेकराचं नाव मनात घ्यावं, म्हणजे तो अंगी लागतो, असं माझी आई म्हणायची. कोरड्या तुकड्यात मी नाव कुठं घालू, सांग.

भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा म्हणतात, तुझी सासू त्यातलंच सांगते. पण लेकराला उपाशी ठेव असं माझ्या तोंडून यायचं नाही. मी युक्ती सांगते. ज्वारीच्या पिठात मूठभर मुगाच्या डाळीचं पीठ मळायचं. दिसत नाही, वास नाही, चवीला तर अजून गोड. पोराला बिलकुल कळणार नाही आणि अंगात ताकद येईल. तुला गिरणीचा खटाटोप नको म्हणून मीच दळून पप्पूबरोबर पाठवते. हे काही कपट नाही, हे आईपण आहे.

जावईबापूंना सांग, गुपचूप जेवणारा माणूस मला आवडतो, पण कधीतरी बायकोच्या बाजूने ढेकर तरी द्यावा. माया आहेच, ती पत्रात किती लिहू.
तुझी आत्या,
पुष्पाबाई


मस्तगड, जालना
दि. २१ जुलै २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

ढेकराचं वाक्य यांना वाचून दाखवलं. हसले, पण त्या दिवशी ताट स्वतः उचललं. तुझा टोला बसला म्हणायचा.

पिठाची पिशवी मिळाली. ती फळीवर ठेवली आहे, उघडली नाही. चिडू नकोस. डॉक्टरीणबाईंचा तो एक शब्द मला मोडवत नाही. शिवाय तुला सांगण्यासारखं घडलंय. हर्षूला अंगणवाडीत घातलं. तिथे रोज खिचडी असते, म्हणजे याच्या दृष्टीने सगळे गुन्हे एकाच पातेल्यात. पहिल्या दिवशी नाक दाबून दारात जाऊन बसला. पण तिथल्या बेबीनंदाताई फार समजूतदार. त्या त्याला वेगळ्या चटईवर बसवतात आणि घरची भाकरी खाऊ देतात. पोरं चिडवायला लागली तर डोळे वटारतात.

आणि खरी गोष्ट पुढे आहे. मी रोज त्याच्या ताटाशेजारी वाटीत घट्ट वरण ठेवते, काही बोलत नाही. परवा त्याने त्यात बोट बुडवलं! वास घेतला. मग बोट सदऱ्याला पुसलं आणि पापुद्रा खायला लागला. एवढंच. पण आत्या, मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडाला पदर लावून रडले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चाटायला कदाचित वर्ष लागेल, पण तो निघालाय. मला वर्ष चालेल.

तुझ्या कानांची काळजी घे आणि माझ्यावरची माया पातळ करू नकोस.
तुझी,
मीना


धावडा
दि. २८ ऑगस्ट २०२४

चि. सौ. मीनास,
अनेक आशीर्वाद.

महिनाभर लिहिलं नाही, कारण रुसले होते. मी स्वतःच्या हाताने निवडलेली डाळ तू फळीवर ठेवलीस. पण आज रुसवा बाजूला ठेवून लिहिते.

काल देवळात दहीकाला झाला. घराघरातून लाह्या, पोहे, दही, लोणचं आलं, एका मोठ्या भांड्यात कालवलं, सगळ्या गावाने खाल्लं. मी द्रोण घेऊन ओट्यावर बसले होते, तेवढ्यात पप्पूने फोनवर हर्षूचा फोटो दाखवला. अंगणवाडीत कृष्ण केलाय, डोक्याला मोरपीस. मोरपिसाकडे कोण बघतंय? गळ्यातल्या माळेखाली त्याची हाडं मोजता येतील अशी दिसली. मला म्हणे बोट बुडवलं वरणात. अगं बाई, बोटाचा वास घेऊन पोट भरत असतं तर जगात कुणी चूल पेटवली नसती. माझ्या हातातला द्रोण मी तसाच गाईपुढे ठेवला.

मीना, मी तुझी आई नाही, पण आईसारखं सांगायचा हक्क मला आहे. डॉक्टरचं वर्ष होईपर्यंत पोरात काय उरेल? एकदा घालून बघ. चिमूटभरापासून सुरू कर. नाही खाल्लं तर मी पुन्हा या विषयावर अक्षर लिहिणार नाही.

आशीर्वाद कमी पडणार नाहीत, तू हट्ट कमी कर.
तुझी आत्या


मस्तगड, जालना
दि. २४ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

उशिरा लिहितेय. हात चालत नव्हता.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी हर्षूला ताप भरला. घर पाहुण्यांनी भरलेलं, सोळा भाज्यांचा नैवेद्य, आणि हा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. नर्सला शीर सापडेना. सासूबाई बाहेर बाकावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, ज्या लेकराला मायच घाबरते ते कसं जगंल? त्या वाईट नाहीत, त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं. घरी आल्यावर मी फळीवरची पिशवी काढली.

दोन दिवस त्याने भाकरी खाल्ली. एकदा तर अजून मागितली. मला इतका आनंद झाला की तू जिंकलीस असं लिहायला बसले होते. तिसऱ्या दिवशी मी लोभ केला आणि पीठ जरा जास्त घातलं. भाकरी फुगली नाही. त्याने पापुद्रा सोडवायला बोटं घातली, तो सुटेना. तुकडे पडले. त्याने तुकडा नाकाशी धरला, तोंडातला घास बाहेर काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता रडेल. रडला नाही. यात काय घातलं, एवढंच विचारलं. मी म्हणाले, काही न्हाई. आत्या, मी तोंडावर खोटं बोलले.

त्या दिवसापासून भाकरी बंद आहे. आता निव्वळ ज्वारीची करते, त्याला गिरणीत नेऊन दळण दाखवलं, समोर बसवून थापली. हात लावत नाही. दूधही गेलं, कारण ते माझ्या हातून येतं. वरणाची वाटी दिसली की खोलीतून निघून जातो. आता फक्त दोनच गोष्टी खातो, मोसंबी आणि पुड्यातली बिस्किटं, ज्यांना वरून आवरण आहे आणि जी तो स्वतः उघडू शकतो. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. किती दिवस लागतील असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी या वेळी वर्ष सांगितलं नाही.

तुझ्यावर माझा राग नाही. पीठ तुझं होतं, पण मळलं मी.
तुझी,
मीना


धावडा
दि. ६ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. मीनास,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी पप्पूला गाडी काढ म्हणाले, मग चप्पल घातली आणि पुन्हा काढली. येऊन काय करू? माझ्या हाताला काटे आहेत का असं मी विचारलं होतं. आहेत गं, दिसत नाहीत एवढंच.

इथे मी आता ताटात भाकरी एका बाजूला आणि वरण एका बाजूला ठेवते. हर्षूला काय वाटत असेल ते बघावं म्हणून एकदा नुसती भाकरी खाल्ली. सावकाश चावली की ज्वारी गोड लागते. एवढी वर्षं मी ती चव कधी घेतलीच नव्हती. तो बिचारा तीच चव खात होता आणि आपण त्याला आडमुठा म्हणत होतो. ही अक्कल मला या वयात आली, आणि तिचा आता कुणाला काही उपयोग नाही.

सोयाबीन पावसात सापडलं, त्याचं दुःखसुद्धा होत नाही. पप्पूबरोबर मोसंबी पाठवते. धुतलीसुद्धा नाहीत. देठ आणि पानं तशीच ठेवली आहेत, म्हणजे कुणी काही केलं नाही हे त्याला दिसेल. माझं नाव सांगू नकोस.

माया ठेव म्हणायची आता मला लाज वाटते, तरी ठेव.
तुझी आत्या


मस्तगड, जालना
दि. ५ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मोसंबी पोचली. त्याने प्रत्येक फळ फिरवून पाहिलं आणि देठ हलवून बघितला. मग खाल्ली. तुझं नाव सांगितलं नाही.

दिवाळी झाली. मी चिवडा केला नाही, घरात कशात काही कालवायचं आता मलाच धाडस होत नाही. सासूबाईंनीही आग्रह धरला नाही. आजकाल त्या जेवताना त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत, आणि हे गोदामातून उशिरा येतात. अंगणवाडीत बेबीनंदाताई त्याला पुडा उघडू देतात, पण खडूच्या रेघेसारखा बारीक झालाय म्हणून दिवाळीआधी त्यांनीच मला बाजूला घेतलं. डॉक्टरीणबाईंनी छत्रपती संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली आहे. नाकातून नळीने खाणं देतात म्हणे. मी चिठ्ठी देवघरात ठेवली आहे. पुढच्या सोमवारी जावं लागेल. नळीतून काय देणार असं त्याने विचारलं तर काय सांगू, ते मला सुचत नाही. त्यात तर सगळं एक केलेलं असतं.

भाऊबीजेला पप्पू आला तेव्हा मला ताप होता, मी पडून होते. सगळे बाहेरच्या खोलीत. हर्षू आत आला. हातात बिस्किटाचा पुडा, नवा. माझ्या उशाशी बसून त्याने तो दातांनी फोडला, एक बिस्कीट काढलं आणि माझ्या तोंडाजवळ आणलं. मी तोंड उघडणार एवढ्यात थांबला. बिस्कीट माझ्या डोळ्यांसमोर धरून त्याने आधी एक बाजू दाखवली, मग उलटून दुसरी. मग म्हणाला, बघ आई, यात काही न्हाई घातलं. खा.

मी खाल्लं, आत्या.

तुझा लोभ आहे, तो असू दे.
तुझी,
मीना