झाकणावरचा नंबर

मॉरिसव्हिल, १४ ऑक्टोबर २०२५

ती. मनोहरमामांस,
आश्लेषाचा सा. न. वि. वि.

पत्रच लिहिते आहे, कारण फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मग रुचाताई शेजारून ओरडून सांगते. हे तिच्या तोंडून तुमच्यापर्यंत पोचायला नको.

मागच्या दिवाळीत तुम्ही पाहुण्यांना तुमचे मित्र वॉल्टर यांनी दिलेलं खिशातलं घड्याळ दाखवत होतात. त्यांचे आजोबा रेल्वेत गार्ड होते, त्यांचं. मी तेव्हा नुकती जुनी अमेरिकन घड्याळं जमवायला लागले होते, नवं ज्ञान उतू चाललं होतं. झाकणावरचा नंबर फोनवर शोधला, साल आलं १९२३. आजोबा तर, तुम्हीच सांगितलंत तसं, १९११ मध्येच गेलेले. मी सगळ्यांदेखत म्हणाले की मामा, तुमच्या मित्राने मस्त स्टोरी रचली. सगळे हसले. तुम्हीही हसलात.

परवा रविवारी आमच्या घड्याळांच्या क्लबमध्ये नव्या मेंबरांना मी हाच किस्सा सांगत होते, फसवणुकीचा नमुना म्हणून. तेव्हा झाकण उघडून काढलेले फोटो स्क्रीनवर होते. मागे बसलेल्या एका आजींनी विचारलं की तू नंबर कुठला वाचलास. मामा, या घड्याळांची केस, म्हणजे बाहेरची डबी, एका कारखान्याची आणि आतलं यंत्र दुसऱ्याचं असायचं. साल काढायचं ते यंत्रावरच्या नंबरावरून. तो फोटोत स्वच्छ दिसत होता. १८९६. वॉल्टर खरं सांगत होते.

दिवाळीनंतर तुमच्या बोलण्यात त्यांचं नाव आलं नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. मी विचारलं नाही.

लोभ असावा असं लिहायचा धीर होत नाही. उरला असेल तर कळवा.
तुमची,
आश्लेषा

जर्सी सिटी, २० ऑक्टोबर

चि. आश्लेषास अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा अक्षरच लागलं नाही, डॉक्टर व्हायची होतीस.

मी वॉल्टरला काहीच बोललो नाही. घड्याळ कपाटात टाकलं आणि दुसऱ्या रस्त्याने फिरायला जाऊ लागलो. चार वर्षं रोज सकाळी नदीकाठच्या बाकावर आम्ही बसायचो. इथे मला तेवढाच एक माणूस होता. एकदा त्याने लांबून हात केला, तर मी बुटाची लेस बांधायला वाकलो. एका घरात राहून हे रुचालाही ठाऊक नाही.

काल त्या बाकाशी गेलो. कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईंनी सांगितलं की उन्हाळ्यात तो पडला, खुब्याचं हाड मोडलं, आता शेजारच्या बेयॉन गावात केअर होममध्ये असतो. जावं तर पाय उचलत नाही.

नंबर तू चुकलीस. पण विश्वास काढून घेतला तो मी.

तुझा,
मनोहरमामा

मॉरिसव्हिल, २५ ऑक्टोबर

ती. मामांस,
सा. न.

मी येते. आठ नोव्हेंबरच्या शनिवारचं तिकीट काढलं आहे. चूक माझी आहे, त्यांना मी सांगते. तुम्ही नुसते बरोबर चला.

आश्लेषा

जर्सी सिटी, ३ नोव्हेंबर

चि. आश्लेषा,
आशीर्वाद.

तुझ्यासाठी थांबलो नाही, काल एकटाच बेयॉनला जाऊन आलो. तू सोबत असतीस, तर सगळं तुझ्यावर ढकलून मी मोकळा झालो असतो.

वॉल्टरला सगळं सांगितलं, लेसचंही. मग तो म्हणाला की वर्षभर तो आठवत होता, या माणसाच्या मनाला लागेल असं आपण नेमकं काय बोललो. आश्लेषा, मला वर बघवेना.

मी घड्याळ पुढे केलं. खरं सांगतो, तो नको म्हणेल असं मी धरून चाललो होतो. त्याने घेतलं, शर्टाच्या खिशात ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत बसला.

निघताना विचारलं, पुन्हा येऊ का. मी दारापर्यंत गेलो तेव्हा म्हणाला, इथे चार वाजता कॉफी देतात, अगदी पाणचट असते.

तू ये, तिकीट कॅन्सल करू नकोस. तुझ्यावर राग थोडा आहे, माझ्यावर जास्त. लोभाला मात्र धक्का नाही. आता साडेतीनची बस गाठायची आहे, म्हणून इथेच थांबतो.

तुझा,
मनोहरमामा