लाल वायरीचं एकच रीळ

कर्वेनगर, पुणे
११ नोव्हेंबर १९९१

ती. स्व. गोपाळमामांस,
सा. न. वि. वि.

कॉलेज सोडल्याबद्दल झापलंत ते पत्र पोचलं. उत्तर सवडीने देईन. आत्ता मला टेलिफोन खात्यात तीस वर्षं वायरी जोडलेला माणूस हवाय.

व्हिडिओ गेमचं खोकं स्वतः बांधलंय. प्लायवुड, जुना टीव्ही, मुंबईहून आणलेला गेमचा सर्किट बोर्ड. विमान हलवायच्या दांड्याचे चार स्विच आणि गोळीचं बटण. पण काहीही एक दाबलं की पाचही लागतात. विमान जागीच थरथरतं आणि गोळ्या सुटतात. तपकीर गल्लीत दुकानदाराशी कचकचून भांडलो, स्विच बदलून आणले. तेही तसेच. वायरीवर संशय नको, नीरजाने दिलेलं लाल रीळ आहे. तोडवेना, म्हणून मधोमध एकदाच तोडलं. अर्धं सगळ्या स्विचांच्या एका बाजूच्या टोकांतून सलग ओवलं, अर्धं दुसऱ्या बाजूच्या.

नीरजा कोण ते आईने तिखटमीठ लावून कळवलंच असेल. रविवारी चारला तिचे वडील शरच्चंद्रराव खोकं बघायला येणार आणि सहाला त्यांच्याकडे नाशिकचं स्थळ. ते म्हणतात, या मुलाने एक तरी काम पुरं केलेलं दाखवावं, नाहीतर नाशिकला होकार.

मामींना नमस्कार. लोभ आहेच, या आठवड्यात जरा जास्त असावा.

आपला,
श्रीनिवास

सातारा
१३ नोव्हेंबर

चि. श्रीनिवास यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आधी दुकानदाराची माफी माग. स्विच निर्दोष आहेत. एका टोकाला सगळ्यांची मिळून एक वायर चालते. दुसऱ्या टोकाची मात्र ज्याची त्याची वेगळी, थेट बोर्डापर्यंत. तू तीही एकच ठेवलीस, मग हाक कुणी मारली हे बोर्डाला कसं कळावं? पक्कड घे आणि पाच तुकडे कर. हात धजत नसेल तर तिलाच करू दे.

कॉलेजचं विचारलं तर आवाज न चढवता खरं ते सांग. मामी तुझी बाजू घेते, मी अजून घेतलेली नाही.

तुझा मामा,
गोपाळकृष्ण

कर्वेनगर
१८ नोव्हेंबर

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

शनिवारी तुमचं पत्र आलं. पक्कड घेऊन नुसताच बसलो होतो, तेवढ्यात नीरजा आली आणि तिने कटाकट तुकडे केले. म्हणाली, आपल्या घरात वायर तोडून पंखा तरी बसवू देशील ना. 'आपल्या' म्हणाली, मामा.

रविवारी शरच्चंद्ररावांनी पेपर तपासल्यासारखे पाचही स्विच तपासले. कॉलेज का सोडलं विचारलं. कान तापले, पण सांगितलं, सरांच्या टेबलावर वही आपटून निघून आलो, चूक माझीच. त्यांनी दांडा धरला. तिसरं विमान पडल्यावर त्यांनी दांड्यात दोष काढला. मी नाही म्हटलं, तसं बाह्या सरसावून ते पुन्हा खेळायला बसले. साडेसातला नीरजाची आई तणतणत स्वतः त्यांना बोलवायला आली. घरी यजमानच नाहीत म्हणून नाशिककर रागावून निघून गेले होते.

जाताना शरच्चंद्रराव मला म्हणाले, हे तुमच्यामुळे झालंय, तेव्हा येत्या रविवारी घरी येऊन हिची समजूत तुम्हीच काढा. आणि येताना बोलणी करायला वडीलधारं माणूस आणा.

बाबांना नेलं तर दारातच आमची जुंपेल. तुम्ही याल ना?

लोभाबद्दल आता माझी तक्रार नाही.

आपला,
श्रीनिवास

सातारा
२० नोव्हेंबर

चि. श्रीनिवास यास,
आशीर्वाद.

शनिवारी संध्याकाळच्या एसटीने येतो. बाबांनाही न्यायचं. मध्ये मी बसेन.

मामा