जीपवाल्यांले कोणं सांगितलं

१२ डिसेंबर १९७९

पुन्हा भोंगा! पुन्हा निवडणूक! पाच वर्षांसाठी निवडून दिलं होतं ना बाप्पा? तिकडे दिल्लीत खुर्चीसाठी भांडले, फुटले – आणि आता तेच तोंड घेऊन दारात उभे.

मत द्याचं कोणाले? गावात तीन चित्रं फिरून राह्यले. हात – त्यांच्या राज्यात मले शिबिरात नेऊन नसबंदी केली. नांगरवाला – त्याले मागच्या खेपेले मी रागारागानं शिक्का मारला, तर लेकाचे आपसातच लढून मोकळे! आणि तिसरा चरखा. सेवाग्राम इथून हाकेवर. आमाले चरखा काय दाखवता? कालपर्यंत हातवाल्यांच्याच पंगतीत जेवत होते हे. मले एकाचाही भरवसा नाई.

१४ डिसेंबर

भैय्याजी येऊन गेले. गावचे पुढारी. मागच्या खेपेले नांगरवाल्यांचा झेंडा घेऊन सर्वात पुढे होते. आता हात! मी विचारलं, "भैय्याजी, तुमी कदी बदलले?" तर म्हणते, "रूपराव, मी आहो तिथंच आहो. पार्टीच इकून तिकडे जाते!" खो खो हसले. मी नाई हसलो.

वरून अनुसयानं त्यांले चहा दिला. साखरेसाठी लोक रांगेत उभे राह्यतात आणि माझी बायको पुढाऱ्याच्या कपात दोन चमचे टाकते. काऊन?

१५ डिसेंबर

सकाळी उठून पाहतो तर आमच्या भिंतीवर हा एवढा मोठा हात! मले कोणं विचारलं? अनुसया म्हणते, "मले काय माहीत." शेणामातीनं सारवून टाकला. बोटं तरी खालून दिसतेच.

१९ डिसेंबर

चंद्रभान गुरुजी आज भैय्याजीच्या ओट्यावर बसलेला दिसला. मास्तर, सरकारी माणूस, उघड प्रचार करता येत नाई – म्हणून नुसता बसते! मले सारं समजते.

लिहूनच टाकतो एकदा. मनात सडून राह्यलं.

आणीबाणीतली गोष्ट. कापसाचा हंगाम. नसबंदीवाल्यांची जीप आली रे आली की गावातले गडी तुरीत पळायचे. त्या दिवशी मले पळाले वेळच भेटला नाई. आतल्या खोलीत छतापर्यंत कापूस भरला होता, त्यातच घुसलो. अनुसयानं स्वतःच्या हातानं वरून कापूस टाकला, नाकापुरती जागा ठेवली. तेवढ्यात चंद्रभान दारात आला. शेजारीच राह्यते तो. त्यानं पाहिलं. त्याले तेव्हा नसबंदीले माणसं आणून द्याची होती, नाईतर पगार बंद. सगळ्या मास्तरांले तसंच होतं.

थोड्या वेळानं जीप आली. त्यांनी गोठा पाहिला नाई, माळा पाहिला नाई. सरळ कापसाच्या खोलीत! "रूपराव, निघा बाहेर." निघालो तर डोक्यात कापूस, मिशीत कापूस, कानात कापूस. सारं गाव हसलं. जीपमधला डायवरही हसला. अजून मी चौकातून गेलो की कोणीतरी मागून "कापूस आला" म्हणतेच.

चार पोरी झाल्या होत्या. पाचवा पोरगाच झाला असता माझा. तो त्या दिवशी गेला.

सांगितलं कोणं? मी आत आहो हे दोघांलेच माहीत होतं. एक तर माझ्या अंगावर कापूस टाकणारी माझी बायको. मंग राह्यला कोण? तेव्हापासून चंद्रभानशी बोलणं बंद.

२२ डिसेंबर

वर्ध्याले गेलो होतो सरकीसाठी. नांगरवाल्यांची सभा सुरू होती. मी उभा राहून विचारलं, "तुमी भांडले काऊन?" तर एकानं मले खांद्याले धरून खाली बसवलं. भाषण पुढे सुरू. झालं उत्तर!

२५ डिसेंबर

अनुसयाले पुन्हा चक्कर आली. विहिरीवरून शेजारणीनं धरून आणली. धाकट्या कमलाच्या वेळेले लय रक्त गेलं, तेव्हापासून अशीच आहे. डॉक्टरीणबाईनं तिले तेव्हा आत बसवून काय काय सांगितलं होतं. बायकांच्या गोष्टी, मी बाहेर बिडी ओढत होतो.

पडल्या पडल्या म्हणते, "मत कोणालेही द्या. पण चंद्रभानभाऊच्या वाटेले जाऊ नका."

हिले त्याचा एवढा पुळका काऊन? चहात साखर, भिंतीवर हात, आता हे! घरातही कोणी कोणाचं एजंट झालं काय?

२८ डिसेंबर

चरखेवाल्यांनी पोरींले बिल्ले वाटले. कमलानं तिन्ही पार्ट्यांचे बिल्ले एकाच फ्रॉकले लावले आणि गावभर फिरली. या निवडणुकीत तेवढी तीच खूश आहे.

१ जानेवारी १९८०

आज झालंच!

भैय्याजी चार माणसं घेऊन दारावरून चालले होते, चंद्रभान मागे मागे. मी ओट्यावरून उतरलो अन् त्याची वाट अडवली. म्हटलं, "मास्तर, कोणत्या तोंडानं माझ्यासमोर येता? मी माझ्या घरात लपलो होतो, ते जीपवाल्यांले दाखवलं, अन् आता माझ्याच दारात मत मागता?"

तो पांढरा पडला. म्हणे, "रूपराव, पोरांची शपथ. मी त्यांले म्हटलं होतं, तुमी पुलगावले गेले, बहिणीच्या घरी. ते तर परत चालले होते."

"मंग मी कापसात आहो हे त्यांले देवानं सांगितलं?"

त्यानं माझ्या खांद्यावरून आमच्या दाराकडे पाहिलं. मंग मान खाली घातली. "ते मले नको विचारा."

चोर! मी असं नाई नाई ते बोललो की भैय्याजींनी मले आवरलं. लोक जमले. चंद्रभान निघून गेला. अनुसया दारात उभी होती. आज जेवली नाई.

माझं मात्र ठरलं. चंद्रभान हाताचा – तर मी नांगरवाल्याले. ते चांगले आहेत म्हणून नाई. त्याच्या नाकावर टिच्चून!

मतदानाचा दिवस

ठरवलं तसा शिक्का मारून आलो. बायकांची रांग मोठी होती, अनुसया मागून आली. ओट्यावर बसली. बोटावरची शाई अजून ओलीच होती.

म्हणाली, "चंद्रभानभाऊले आता शिव्या देऊ नका. मी दाखवलं होतं." शाईचं बोट आतल्या खोलीकडे केलं. "असं."

मी विचारलं, काऊन.

"डॉक्टरीणबाई म्हणे, आता पाचवं झालं तर तू वाचत नाई. मी तुमाले किती वेळा सांगितलं. तुमी दर वेळेले म्हणत, पोरगा पाहिजे. ते लोक जीपमध्ये बसले होते, निघालेच होते. मी धावत जाऊन परत बोलावलं."

मंग उठली, पाणी प्याली आणि चूल पेटवाले गेली.