कोणाला न धरता

अकोला
६ जानेवारी २०२५

चि. आचल हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र तुझ्या कॉलेजच्या पत्त्यावर पाठवतेय, कारण माझा फोन आला की तुझे बाबा तो स्पीकरवर टाकतात आणि सारं घर माझी तब्येत ऐकतं.

दिवाळीत मी अंगणात पडले, ते तुला ठाऊक आहे. हाड शाबूत निघालं, डॉक्टरांनी हिंडाफिरायला सांगितलं. पण तुझ्या बाबांनी, आमच्या देवीदासने, मायेपोटी माझ्या पायाखालची जमीनच काढून घेतली. पलंगाखाली विटा लावल्या, पाट माळ्यावर टाकला, जेवायला टेबल आणलं, संडासात खुर्ची बसवली. जन्मभर उकिडवी बसून शेवंती खुडली मी, आणि आता दिवसभर खुर्चीत लटकून असते. जीव नुसता तगमगतो.

परवा सुई पडली म्हणून खाली बसले, तर उठताच येईना. दुपारभर फरशीवर होते. शेवटी पलंगाला लोंबकळत कशीबशी वर आले. हे कोणाला बोलू नकोस. देवीदासने बजावून ठेवलंय, की अक्का, तुले एकटीले खालून उठता आलं नाही तर मी तुले अमरावतीले घेऊन जाईन, मग काही ऐकणार नाही. तुमच्या तिसऱ्या मजल्यावर माझा जीव रमायचा नाही गं. तू व्यायाम शिकतेस ना, मग काहीतरी सांग.

लोभ आहेच, सध्या उत्तराची घाई जास्त आहे.

तुझी,
मनकर्णाआत्या

अमरावती
११ जानेवारी २०२५

ती. आत्याबाईंस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचल्यापासून कशातच लक्ष लागत नाही. परीक्षा नसती तर आजच गाडीत बसले असते.

मी शिकतेय तो व्यायाम ऐकून तू हसशील. यंत्रं नाहीत, वजनं नाहीत. लोळायचं, रांगायचं, उकिडवं बसायचं, फांदीला लटकायचं. अंगाला जे जन्मापासून येतं आणि आपण विसरतो, तेच पुन्हा करायचं. बाबा सगळ्यांना सांगत फिरतात, की एवढी बी.ए. झाली अन् आता पोरगी रांगाले शिकून राहिली.

आधी डॉक्टरांना विचार. मग पलंगाजवळ गोधडी अंथर. उताणी झोप, कुशीवर वळ, हातावर भार देत हातगुडघ्यांवर ये. तशीच थोडं रांग. मग एक पाऊल पुढे टेकव, त्या गुडघ्यावर हात ठेव आणि ऊठ. सुरुवातीला पलंग धर. शेजारी गीतांजलीवहिनींचं बाळ उभं राहायला लागलंय, असं फोनवर म्हणालीस ना? त्याच्याकडे बघत जा. ते पडल्यावर लाजत नाही. आणि दाराला कडी लावू नकोस, एवढं माझं ऐक.

लोभात खंड नको, रांगण्यातही नको.

तुझी,
आचल

अमरावती
८ फेब्रुवारी २०२५

ती. आत्याबाईंस सा. न. वि. वि.

हे पत्र पोचेल तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल, तरी लिहितेय, कारण हात स्वस्थ बसत नाहीत. सकाळी तुझ्या शेजारच्या नत्थुजींचा बाबांना फोन आला, की अक्काले झटका आला, जमिनीवर सरपटून राहिली. बाबा चहा तसाच टाकून निघाले. तुझा फोन सारखा व्यस्त लागतोय. तू रांगत होतीस ना गं? तसंच असू दे. मी सांगितलेल्याने तुला काही झालं असेल तर मी काय करू?

तुझी खुशाली कळव, सध्या एवढाच लोभ मागते.

आचल

अकोला
१० फेब्रुवारी २०२५

चि. आचल हिस अनेक आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे. नत्थुजी कढीपत्ता मागायला आले, दार उघडंच होतं, आणि मी रांगत देवघरापर्यंत पोचलेली. त्यांचा चेहरा बघून मला हसू आवरेना, तर त्यांना वाटलं तोंड वाकडं झालं.

देवीदास आला तो रिकामी बॅग घेऊनच. तुझ्या व्यायामाचाही उद्धार झाला. आताच्या आता चल म्हणाला. मी म्हटलं, आधी जेव, आणि मुद्दाम ताटं खाली वाढली. तो रागारागात जेवला. जेवण झाल्यावर मी हातगुडघ्यांवर आले, पाऊल पुढे टेकवलं आणि कोणाला न धरता उठले. पाय थरथरले, पण उठले. नत्थुजी साक्षीला होते.

देवीदास मात्र बसूनच. मला वाटलं रुसला. मग कळलं, त्याला उठताच येत नव्हतं. नत्थुजी हात द्यायला गेले, तर त्यांच्यावरच खेकसला. मी नत्थुजींना कढीपत्ता देऊन वाटेला लावलं, दार लोटलं आणि त्याला म्हटलं, रांग. इस्त्रीच्या पँटमध्ये रांगला बिचारा. उभा राहिला, पलंगावर टेकला आणि रडायला लागला. आत पडलो तर कोण उचलेल, या भीतीने तो हल्ली बाथरूमची कडी लावत नाही म्हणे. तुम्हा घरच्यांना सांगायची त्याला लाज वाटते. अक्का घरात असली की धीर येईल, असं त्याच्या मनात होतं. मला न्यायची घाई त्यापायी होती. मला फार वाईट वाटलं गं.

बॅग तशीच घेऊन गेला. मी इथेच राहणार, हे ठरलं. पण तो गेल्यापासून मला चैन नाही. तू त्याला काही विचारू नकोस. रोज संध्याकाळी ताटं खाली मांड. कुरकुरला तरी मांड. त्याची उठायची वेळ आली की काही कारण काढून स्वयंपाकघरात जा, पण कान बाहेर असू दे.

माझ्या वाट्याचा लोभ सध्या त्याला दे.

तुझी,
मनकर्णाआत्या