खाडी तिकडेही होती

आई,

सासूला आई म्हणायची या घराची रीत. मला ते सहज तोंडी यायला वर्ष लागलं. आज रेवसच्या आपल्याच ओटीवर बसून लिहिते आहे. तुम्हांला जाऊन कितीतरी पावसाळे उलटले, तेव्हा हे कुठं धाडायचं नाही.

स्वातंत्र्यानंतरची दहाएक वर्षं सरली होती. बाळ अजून रांगत होतं आणि माझ्या मुंबईच्या कॉलेजातल्या सरांचं बोलावणं आलं. नागपूरच्या पलीकडे माळावर दगड झालेली झाडं सापडत होती, महिनाभर या म्हणाले. ह्यांनी ते तुमच्यावर सोपवलं. तुम्ही चुलीपुढे जवळ्याची सुकट निवडत बसला होतात.

"दगडातलं झाड बघून काय कळतं गो?"

मी सांगू लागते. लाकडात वर्षावर्षाची वलयं नसली, तर तिथं कडाक्याचा हिवाळा नव्हता. आणि सरांना मिळालेलं एक फळ खाऱ्या चिखलातच वाढणाऱ्या, माडासारख्या झाडाचं आहे. म्हणजे आज जिथं कोरडा माळ, तिथं फार फार पूर्वी खाडी होती, उबदार हवा होती, पाऊस भरपूर होता.

तुमचा हात थांबतो. "खाडी? तिकडं? मंग म्हावरं कुठं गेलं?"

"त्याचे काटेपण दगडात मिळतात, आई."

तुम्ही सूप बाजूला ठेवता. "जा तू. पोराला मी हाय. घरात बसून तोंड पाडशील, ते मला बघवनार न्हाय."

महिना उन्हात गेला. एक दगड फोडला, ओल्या फडक्यानं पुसला, तर आत तसंच फळ, त्याचे धागेसुद्धा शाबूत. सर लहान मुलासारखे हसले. मला मात्र कधी एकदा घरी येऊन तुम्हांला सांगते असं झालं.

घरी आले तर पोरानं मला ओळखलं नाही. तुमच्या मानेत तोंड खुपसून बसला. तुम्ही त्याला माझ्या मांडीवर ठेवलंत, टोपली उचललीत, "बाजारात जाते" म्हणालात. तो दुपारपर्यंत रडला. मग माझ्या हातून मऊ भात खाल्ला आणि पदर मुठीत धरून झोपला. तुम्ही दिवेलागणीला परतलात.

"घावली खाडी?"

"व्हय."

दुसऱ्या दिवशी साऱ्या धक्क्याला ठाऊक, "आमच्या सुनेनं नागपुराकडं खाडी शोधली!" पुढं जन्मभर तेच काम केलं, मोठमोठ्या लोकांनी शाबासकी दिली, पण अशी दवंडी कुणी पिटली नाही.

एक सांगायचं राहिलं. मी परतले त्या दिवशी बाजार नव्हता, हे मला ठाऊक होतं. शेजारच्या माडांच्या वाडीत दिवसभर एकट्या बसलेल्या तुम्ही मला खिडकीतून दिसत होतात. मी हाक मारली नाही. मला पोरासोबतचा तो दिवस हवा होता.